नाणेघाट ते प्रवासविमा : जुन्नर-आंबेगाव परिसरातील वृद्ध प्रवाशाच्या संरक्षणाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

प्रवासविमा ही आधुनिक काळातील व्यापारी सेवा मानली जाते. परंतु प्रवासातील जोखीम कोणी उचलावी, हा प्रश्न प्राचीन आहे. प्रस्तुत शोधनिबंधात पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हा परिसर केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाच्या उत्तरांचा मागोवा घेण्यात आला आहे. सातवाहन-क्षत्रप काळातील दानलेख, कौटिलीय अर्थशास्त्रातील तरतुदी, मध्ययुगीन प्रवाशांचे अनुभव, मराठेशाहीतील ग्रामव्यवस्था, ब्रिटिशकालीन कायदे आणि स्वातंत्र्योत्तर काळातील विमा व सवलत योजना यांचा विचार करता प्रवाशाच्या संरक्षणाचे तीन प्रकार दिसून येतात : दान, दायित्व आणि करार. या तिन्हींत वार्धक्याचा अर्थ वेगवेगळा लावला गेला. दानात ते सवलतीचे कारण ठरले, दायित्वात भरपाई कमी होण्याचे आणि करारात किंमत वाढण्याचे. आजच्या वृद्ध प्रवाशाला विमा निवडताना ज्या अडचणी येतात, त्यांचे मूळ या तिहेरी वारशात आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : जुन्नर, नाणेघाट, श्रेणी, जोखमी हुंडी, प्रवासविमा, ज्येष्ठ नागरिक.

१. प्रस्तावना

जुन्नर व आंबेगाव हे सह्याद्रीच्या कुशीतील दोन तालुके प्राचीन काळापासून वाटसरूंचे प्रदेश आहेत. कल्याण व सोपारा या बंदरांतून देशावर येणारा माल नाणेघाट चढून जुन्नरला पोहोचत असे. लेण्याद्रीचा गिरिजात्मज आणि ओझरचा विघ्नेश्वर ही अष्टविनायकांपैकी दोन स्थाने जुन्नर तालुक्यात आहेत. मंचर-घोडेगाव-डिंभे मार्गाने भीमाशंकरला जाणारा यात्रेकरू आंबेगाव तालुका ओलांडूनच ज्योतिर्लिंगापर्यंत पोहोचतो. या यात्रेकरूंमध्ये वयस्कर माणसांचे प्रमाण नेहमीच लक्षणीय राहिले आहे, कारण आपल्याकडे तीर्थयात्रा हे पुष्कळदा प्रपंचातून मोकळे झाल्यावर करावयाचे कर्तव्य मानले गेले. लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या चढणे आणि भीमाशंकरची पायऱ्यांची वाट उतरून पुन्हा चढणे हे वृद्धांच्या दृष्टीने सोपे काम नव्हे.

दुसरीकडे, याच परिसरातून शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने परदेशी गेलेल्या तरुण पिढीमुळे एक नवा वृद्ध प्रवासी निर्माण झाला आहे. आयुष्यभर शेती अथवा शिक्षकी पेशा केलेले आईवडील नातवंडांच्या भेटीसाठी अमेरिकेस किंवा युरोपास जातात. पारपत्र व व्हिसा यांच्याबरोबर त्यांच्यासमोर प्रवासविम्याचा अर्ज येतो. त्यातील अटींची भाषा परकी, वयानुसार वाढत जाणारा हप्ता आणि पूर्वीच्या आजारांविषयीचे प्रश्न यांमुळे ही निवड कठीण होते. सदर निवडीकडे केवळ ग्राहकाचा व्यवहार म्हणून न पाहता इतिहासाच्या प्रवाहात पाहणे आवश्यक आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात प्रवाशांच्या संरक्षणाच्या व्यवस्थांचे ऐतिहासिक स्वरूप स्पष्ट करणे.
२) या व्यवस्थांमध्ये वार्धक्याला दिलेल्या स्थानाचा शोध घेणे.
३) आजच्या वृद्ध प्रवाशाच्या विमानिवडीचे निकष इतिहासाच्या प्रकाशात मांडणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित शिलालेख, ग्रंथ, कायदे व शासकीय योजना यांचा आधार घेतला आहे.

३. दान : पोढी, प्रतिश्रय आणि नाव

नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील या लेखात यज्ञ व त्या प्रसंगी दिलेल्या दक्षिणांची नोंद आहे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकात गोळा करण्यासाठी होता, अशी परंपरा सांगितली जाते. या लेण्यातील राजघराण्याच्या प्रतिमांकडे अभ्यासकांचे लक्ष अधिक गेले. मात्र त्याच घाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेल्या पोढीचा, म्हणजे पाण्याच्या टाक्याचा, छोटा लेखही आहे. घाट चढून आलेल्या वाटसरूच्या दृष्टीने राजाच्या यज्ञापेक्षा या टाक्याचे मोल अधिक असले पाहिजे.

जुन्नरभोवती दोनशेहून अधिक शैलगृहे आहेत. तुळजा, मानमोडी, शिवनेरी व लेण्याद्री या गटांतील दानलेखांत पोढी हा शब्द वारंवार येतो. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम याने वर्ष ४६ मध्ये पोढी व मंडप दिल्याचा लेख मानमोडी डोंगरातील लेण्यात आहे. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व टाके दिले. ही दाने प्रामुख्याने भिक्षुसंघासाठी होती, हे खरे. तथापि ती व्यापारी मार्गालगत होती आणि दात्यांमध्ये परदेशी व परगावचे लोक होते, ही बाब दुर्लक्षिता येत नाही.

काही लेखांत दानाची रक्कम वेळूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणीकडे ठेवून तिच्या उत्पन्नातून खर्च भागविण्याची व्यवस्था आढळते. मुद्दल अक्षय ठेवून व्याजातून सेवा चालविण्याची ही पद्धती होती. नाशिक येथील लेखात नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापणे विणकरांच्या श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व एक हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते. याच उषवदाताने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शोर्पारग येथे चतुःशाला व प्रतिश्रय बांधले, इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व डाहणुका या नद्यांवर मोफत नावांची सोय केली आणि दोन्ही तीरांवर पाणपोया उभारल्या. नहपानाची सत्ता जुन्नरवरही होती, हे अयमच्या लेखावरून स्पष्ट होते. म्हणजेच एकाच राज्यव्यवस्थेत घाटावर पाणी आणि नदीवर नाव अशी प्रवाशाची सोय दानातून उभी राहिली होती.

कौटिलीय अर्थशास्त्रात या दानधर्माला प्रशासकीय रूप मिळालेले दिसते. नावध्यक्षाच्या प्रकरणात ब्राह्मण, संन्यासी, बालक, वृद्ध, आजारी, राजदूत व गर्भवती यांना नावध्यक्षाच्या मुद्रेवर नदी पार करू द्यावी, असे सांगितले आहे. वृद्धांना प्रवासात सवलत देण्याच्या कल्पनेचा हा अत्यंत प्राचीन पुरावा होय. येथे वार्धक्य हे हक्काचे कारण आहे. वृद्ध माणूस अधिक जोखमीचा आहे म्हणून त्याच्याकडून अधिक घ्यावे, असे नावध्यक्षाला सांगितलेले नाही.

४. दायित्व : जोखीम कोणाच्या शिरावर?

दान हे दात्याच्या इच्छेवर अवलंबून असते. प्रवाशाचे नुकसान झाल्यास ते कोणी भरून द्यावे, हा प्रश्न दानाने सुटत नाही. अर्थशास्त्रात त्याचेही उत्तर आहे. पुरेसे खलाशी व साधने नसल्याने किंवा दुरुस्तीअभावी नाव बुडाल्यास नष्ट झालेले नावध्यक्षाने भरून द्यावे, अशी तरतूद आहे. व्यापारी तांड्याने गावात मुक्काम करताना मालाची किंमत सांगावी. त्यातील काही चोरीस गेल्यास ग्रामप्रमुखाने आणि दोन गावांच्या दरम्यान गेल्यास विवीताध्यक्षाने भरपाई करावी, असेही नियम आहेत. मालाची किंमत आधी जाहीर करणे ही अट महत्त्वाची आहे. पूर्वमाहिती दिल्याशिवाय भरपाई नाही, हे आजच्या विम्याचेही मूलतत्त्व आहे.

मराठेशाहीतील ग्रामव्यवस्थेत या तत्त्वाचे व्यावहारिक रूप आढळते. रामोशी, जागले व महार यांच्यावर गावाच्या राखणीची जबाबदारी असे. चोरीचा माग ज्या गावाच्या शिवेपर्यंत जाई, त्या गावाने तो पुढे काढून द्यावा, अन्यथा नुकसान सोसावे, असा प्रघात होता. ही व्यवस्था परिपूर्ण नव्हती आणि तिचा भार गावातील दुर्बल घटकांवर पडत असे. तरीही प्रवाशाचे नुकसान ही त्याची एकट्याची बाब नाही, हा विचार तीत होता.

सत्ताच जेव्हा प्रवाशावर उलटते, तेव्हा काय होते, याचे उदाहरणही जुन्नरनेच दिले आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेर येथील रशियन व्यापारी अफनासी निकितिन चौलहून जुन्नरला आला. त्याच्याजवळ विक्रीसाठी आणलेला एक घोडा एवढीच मोठी मालमत्ता होती. जुन्नरच्या असदखानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्मांतर न केल्यास दंड भरावा लागेल असे बजावले. खुरासानच्या एका मुसलमान अधिकाऱ्याच्या मध्यस्थीमुळे निकितिनची सुटका झाली व घोडाही परत मिळाला. त्याला ना श्रेणीचे पाठबळ होते, ना कोणत्याही कराराचे. त्याचे रक्षण झाले ते एका ओळखीमुळे. मायदेशी परतताना स्मोलेन्स्कच्या अलीकडे त्याचा मृत्यू झाला.

इ. स. १६७५ मध्ये इंग्रज वैद्य जॉन फ्रायर मुंबईहून जुन्नरला आला, तो तेथील मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून वैद्यकीय उपचारासाठी. परतताना त्याने नाणेघाटाची वाट धरली. रुग्णाला प्रवास शक्य नसेल तर वैद्यालाच घाट चढवून आणणे हे त्या काळी सत्ताधाऱ्यालाच परवडणारे होते. सामान्य वृद्ध यात्रेकरूच्या वाट्याला वाटेत आजार आल्यास धर्मशाळा, सोबती आणि दैव एवढेच उरत असे. अहिल्याबाई होळकरांनी देशभरातील तीर्थक्षेत्री बांधलेल्या धर्मशाळा, घाट व अन्नछत्रे यांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक उठून दिसते.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकलेल्या या कोकणस्थ ब्राह्मणाने अनेक संकटांतून गंगेची कावड वरसईस आणली व आईवडिलांना स्नान घातले. वृद्धांनी स्वतः जाण्याऐवजी मुलाने तीर्थ घरी आणावे, हाही जोखीम टाळण्याचाच एक मार्ग होता. आज मुलगा परदेशी आहे आणि आईवडीलच त्याच्याकडे निघाले आहेत. प्रवासाची दिशा उलटली आहे.

५. करार : व्याज, हुंडी आणि हप्ता

जोखमीला किंमत लावण्याची कल्पनाही जुनीच आहे. अर्थशास्त्रात दरमहा शेकडा सव्वा हे धर्म्य व्याज, व्यापारी व्यवहारात पाच, अरण्यातून जाणाऱ्यांसाठी दहा आणि समुद्रप्रवास करणाऱ्यांसाठी वीस अशा मर्यादा दिल्या आहेत. वाट जितकी धोक्याची, तितका दर अधिक. याज्ञवल्क्य स्मृतीतही अरण्यातून व समुद्रातून जाणाऱ्यांसाठी अशाच वाढीव दरांचा उल्लेख आहे. येथे प्रवाशाच्या वयाचा प्रश्न नाही. जोखीम वाटेची आहे, वाटसरूच्या शरीराची नाही.

पुढील काळात पश्चिम भारतातील व्यापाऱ्यांमध्ये जोखमी हुंडी प्रचलित होती. माल सुखरूप पोहोचला तरच या हुंडीची रक्कम देय होत असे. कर्ज आणि विमा यांचा तो संयोग होता. मराठीतील ‘विमा’ हा शब्द फारसी ‘बीमा’ या शब्दावरून आला आहे. मात्र या व्यवहारात मालाला संरक्षण होते; माणसाच्या जिवाला किंवा आजाराला नव्हते.

माणसाच्या प्रवासाचा विमा रेल्वेबरोबर आला. इंग्लंडमध्ये १८४० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे प्रवाशांसाठी तिकिटाबरोबर अपघात विमा विकला जाऊ लागला. भारतात १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली. त्यामुळे नाणेघाटाचे व्यापारी महत्त्व आणखी घटले व जुन्नर रेल्वेमार्गापासून दूर राहिले. १८५५ च्या प्राणघातक अपघातविषयक कायद्याने मृताच्या कुटुंबीयांना भरपाई मागण्याचा मार्ग मोकळा केला. १८६५ च्या वाहक कायद्याने मालवाहकांचे दायित्व निश्चित केले.

आयुर्विम्याच्या क्षेत्रात प्रारंभी भारतीयांकडून युरोपीयांपेक्षा अधिक हप्ता घेतला जाई. १८७० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल संस्थेने भारतीयांचा विमा नेहमीच्या दराने उतरविण्यास प्रारंभ केला. ही घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे. कोणता समूह ‘अधिक जोखमीचा’, हे केवळ गणिताने ठरत नाही. ते ठरविणाऱ्याच्या दृष्टीवरही अवलंबून असते. वंशाच्या आधारे आकारलेला वाढीव हप्ता इतिहासजमा झाला, वयाच्या आधारे आकारला जाणारा मात्र कायम आहे. वयाबरोबर आजाराची शक्यता वाढते, हे नाकारता येत नाही. परंतु वाढीव हप्ता किती न्याय्य आणि प्रवेश नाकारणे किती न्याय्य, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

६. स्वातंत्र्योत्तर काळ : सवलत, भरपाई आणि विमा

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. रेल्वे नसलेल्या जुन्नर-आंबेगावसाठी एसटी हीच प्रवासाची मुख्य वाहिनी ठरली. ज्येष्ठांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली आणि ऑगस्ट २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेखाली ७५ वर्षांवरील व्यक्तींना मोफत प्रवासाची मुभा देण्यात आली. नावध्यक्षाच्या मुद्रेचीच ही आधुनिक आवृत्ती म्हणता येईल. याउलट रेल्वेतील ज्येष्ठ नागरिक सवलत मार्च २०२० मध्ये स्थगित झाली व ती पूर्ववत झालेली नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेत ६० वर्षे पूर्ण झालेल्या व अडीच लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या व्यक्तींसाठी ३० हजार रुपयांपर्यंतच्या खर्चाची तरतूद आहे. ७५ वर्षांवरील यात्रेकरूस सोबती नेता येतो. हा दानाचा प्रवाह होय.

दायित्वाच्या प्रवाहात १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ विमा सक्तीचा केला व १९८८ च्या कायद्याने ही व्यवस्था पुढे नेली. मात्र येथे वार्धक्याचा वेगळा अर्थ समोर येतो. सरला वर्मा प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निर्णयानुसार भरपाई काढताना वार्षिक उत्पन्नाला वयानुसार गुणक लावला जातो. तरुणांसाठी हा गुणक १८ पर्यंत असून ६१ ते ६५ वयासाठी तो ७ आणि ६६ ते ७० साठी ५ आहे. भरपाई ही गमावलेल्या कमाईची मोजली जात असल्याने कमाई थांबलेल्या वृद्धाच्या जिवाचे मोल कायद्याच्या हिशेबात कमी भरते. त्यामुळे ठरावीक रकमेच्या योजना वृद्धांच्या दृष्टीने अधिक समन्यायी ठरतात. रेल्वे अपघातातील मृत्यूची वैधानिक भरपाई १ जानेवारी २०१७ पासून चार लाखांवरून आठ लाख रुपये झाली. ती वयानुसार बदलत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये रेल्वेच्या ई-तिकिटावर ९२ पैशांत ऐच्छिक विमा सुरू झाला. त्यात मृत्यूसाठी दहा लाख आणि रुग्णालयीन खर्चासाठी दोन लाखांपर्यंतची तरतूद होती. परंतु खिडकीवर तिकीट काढणाऱ्यास हा विमा मिळत नाही आणि ग्रामीण वृद्धांमध्ये खिडकीची सवय अधिक असणे स्वाभाविक आहे.

कराराच्या प्रवाहात १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण, १९८६ मध्ये मेडिक्लेम पॉलिसी आणि १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण हे टप्पे महत्त्वाचे आहेत. २००० नंतर खाजगी कंपन्या आल्या आणि परदेश प्रवासविमा सर्वत्र उपलब्ध झाला. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी आरोग्यविम्याची दारे सर्व वयांसाठी खुली करण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली व पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ कमाल तीन वर्षांवर आणला. मात्र प्रतीक्षाकाळाची ही सुधारणा परदेश प्रवासविम्याला लागू नाही. जेथे वृद्धांना संरक्षणाची सर्वाधिक गरज आहे, नेमके तेथेच हे दार अर्धवट उघडे राहिले आहे.

७. अपघात की आजार? : मूळ प्रश्न

वरील व्यवस्थांचे बारकाईने परीक्षण केल्यास एक उणीव ठळकपणे दिसून येते. बहुतेक प्रवाससंरक्षण अपघातासाठी आहे. वृद्ध प्रवाशाचा मोठा धोका मात्र आजाराचा असतो. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना पाय घसरून झालेली इजा अपघात ठरते, त्याच पायरीवर आलेला हृदयविकाराचा झटका ठरत नाही. बस उलटल्यास भरपाई आहे. बसमध्ये रक्तदाब वाढून पक्षाघात झाल्यास नाही.

या दृष्टीने २०२३ मध्ये आषाढी वारीसाठी जाहीर झालेली विठ्ठल-रुक्मिणी वारकरी विमा छत्र योजना उल्लेखनीय आहे. तीत मृत्यूसाठी पाच लाख रुपयांबरोबरच वारीदरम्यानच्या आजारपणासाठी ३५ हजार रुपयांपर्यंत खर्चाची तरतूद होती. रक्कम मर्यादित असली तरी आजार ही प्रवासाचीच जोखीम आहे, हे येथे मान्य झाले. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेखाली ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न घालता कुटुंबामागे वार्षिक पाच लाखांपर्यंत उपचारांचे संरक्षण मिळाले. हे संरक्षण देशभरातील संलग्न रुग्णालयांत चालते. त्यामुळे काशीस गेलेल्या जुन्नरच्या वृद्धालाही ते उपयोगी पडू शकते. देशाबाहेर मात्र त्याचा उपयोग नाही.

निसर्गाची जोखीम ही या परिसराची आणखी एक बाजू होय. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळून १५१ जणांचा मृत्यू झाला. गाव दिसेनासे झाल्याचे प्रथम लक्षात आले ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या बसचालकाच्या. दुर्गम भागात प्रवासाची वाहिनी हीच संकटाची वार्ता पोहोचविणारी पहिली यंत्रणा असते. पावसाळ्यात भीमाशंकर किंवा माळशेज मार्गाने निघणाऱ्या वृद्धाला हप्त्यापेक्षा हवामानाचा इशारा अधिक संरक्षण देतो, हे यातून लक्षात घ्यावयास हवे.

८. वृद्ध प्रवाशापुढील निवड

ऐतिहासिक विवेचनाच्या आधारे विमानिवडीचे काही निकष मांडता येतात.

प्रथम, आधीपासून कोणते संरक्षण आहे, याची मोजदाद करावी. राज्यांतर्गत एसटी प्रवासात किंवा देशांतर्गत यात्रेत शासकीय योजना, रेल्वेची भरपाई व स्वतःचा आरोग्यविमा यांची बेरीज पुष्कळदा पुरेशी ठरते. तेथे स्वतंत्र प्रवासविम्यापेक्षा आयुष्मान कार्ड, औषधांची यादी व सोबत्याचा दूरध्वनी क्रमांक जवळ असणे अधिक मोलाचे.

दुसरे, परदेश प्रवासात दान व दायित्व हे दोन्ही आधार जवळजवळ नाहीसे होतात आणि केवळ करार उरतो. अमेरिकेतील वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना भेटीस आलेल्या आईवडिलांना लागू नाही. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी २००४ पासून किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. परंतु व्हिसासाठी लागणारी किमान रक्कम आणि रुग्णालयाचे प्रत्यक्ष बिल या भिन्न गोष्टी आहेत. केवळ कागद पूर्ण करण्यासाठी घेतलेला स्वस्त विमा हा घाटमाथ्यावरील कोरड्या टाक्यासारखा होय.

तिसरे, विम्याच्या एकूण रकमेपेक्षा अटी वाचाव्यात. अनेक पॉलिसींमध्ये साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी आजारागणिक अथवा उपचारागणिक उपमर्यादा असतात. प्रत्येक दाव्यातील काही रक्कम प्रवाशाने स्वतः सोसावयाची असते. अमेरिकेत भेटीस येणाऱ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या योजनांत प्रत्येक उपचारास ठरावीक रक्कम देणाऱ्या आणि प्रत्यक्ष खर्चाच्या प्रमाणात देणाऱ्या अशा दोन जाती आहेत. हप्त्यातील फरक पाहून पहिली निवडल्यास मोठ्या आजारात फार थोडी रक्कम हाती येते. पूर्वीच्या आजारातून अचानक उद्भवणाऱ्या संकटावर उपचार मिळतील काय, त्यासाठी वयाची मर्यादा किती, रुग्णास मायदेशी आणण्याचा व दुर्दैवाने मृत्यू झाल्यास पार्थिव आणण्याचा खर्च समाविष्ट आहे काय, हे प्रश्न हप्त्याच्या आधी विचारावयाचे आहेत.

चौथे, खरी माहिती द्यावी. तांड्याने मालाची किंमत आधी सांगावी, हा कौटिल्याचा नियम येथे आठवतो. विमा परस्पर पूर्ण विश्वासावर आधारलेला करार आहे. वृद्धांचा अर्ज पुष्कळदा मुलगा, जावई किंवा प्रवासी संस्थेतील कर्मचारी भरतो. मधुमेहाची अथवा रक्तदाबाची गोळी ‘किरकोळ’ म्हणून वगळली जाते आणि तीच वगळणूक दावा नाकारण्याचे कारण ठरते. अर्जावर सही करणाऱ्या वृद्धालाच त्यातील प्रश्न मराठीत समजावून सांगणे, ही साधी दक्षता सर्वांत उपयुक्त होय. दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार आणि नंतर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. पुणे येथे लोकपालाचे कार्यालय आहे.

पाचवे, काही वाटा कोणत्याही हप्त्याने सुरक्षित होत नाहीत, हेही मान्य करावे. कैलास-मानसरोवर यात्रेसाठी शासनाने ७० वर्षांची वयोमर्यादा व वैद्यकीय तपासणी ठेवली आहे. असे निर्बंध काहींना अपमानास्पद वाटतात. परंतु उंचीवरील विरळ हवेत विमापत्र श्वास पुरवू शकत नाही. जोखीम हस्तांतरित करणे आणि जोखीम टाळणे यांतील भेद गोडशांच्या कावडीने फार पूर्वी दाखवून दिला आहे.

९. निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) जुन्नर-आंबेगाव परिसरात प्रवाशांच्या संरक्षणाची परंपरा किमान दोन हजार वर्षांची आहे. तथापि नाणेघाटाच्या रांजणात किंवा श्रेणींच्या ठेवीत आधुनिक विमा शोधणे इतिहासाशी सुसंगत नाही. त्या व्यवस्था दान व पुण्याच्या कल्पनेवर उभ्या होत्या, जोखमीच्या गणितावर नव्हे.

२) दान, दायित्व व करार या तीन व्यवस्था एकामागून एक आल्या व जुनी गेली, असे घडले नाही. त्या आजही एकत्र नांदतात. एकाच वृद्धाला एसटीत मोफत आसन मिळते, अपघाताच्या भरपाईत कमी गुणक लागतो आणि प्रवासविम्यासाठी अधिक हप्ता भरावा लागतो.

३) वृद्धांच्या प्रवासातील मुख्य जोखीम आजाराची असूनही सार्वजनिक योजनांचा भर अपघातावर राहिला. वारकरी विमा छत्र योजनेने या दिशेने टाकलेले पाऊल इतर यात्रांसाठीही अनुकरणीय आहे.

४) परदेश प्रवासात वृद्ध व्यक्ती पूर्णतः करारावर विसंबते. त्यामुळे कराराची भाषा सुबोध असणे व मराठीत उपलब्ध असणे ही सौजन्याची बाब नसून न्यायाची आवश्यकता आहे.

महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आणि गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांत विमाअर्ज वाचून दाखविण्याचा उपक्रम हाती घेता येईल. त्यासाठी निधीची नव्हे, केवळ वेळेची गरज आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाने घाटात टाके दिले, तेव्हा त्याचे पाणी पिणारे वाटसरू त्याच्या ओळखीचे नव्हते. आजच्या वृद्ध वाटसरूच्या हाती पाण्याऐवजी अटींचा कागद असतो. तो समजावून देणारा कोणी भेटणे, हीच त्याच्या प्रवासातील पहिली पोढी होय.